नियम कडक केले आणि गट गप्प झाला: लोक नेमके कशामुळे लिहायचे थांबतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडच्या रहिवाशांचा फेसबुकवर गट आहे, सदस्य 40 हजारांच्या घरात. पार्किंग, भटकी कुत्री, विसर्जनाचा डीजे आणि मराठी-अमराठी या चार विषयांवर रोज जुंपायची. म्हणून गेल्या पावसाळ्यात अ‍ॅडमिन मंडळींनी प्रत्येक पोस्टला मंजुरी लावली, शिव्यांची यादी टाकून कॉमेंट आपोआप अडवल्या आणि 20-25 जणांना बाहेर काढले. भांडणे मिटली, पण पावसाळ्यानंतर पाहिले तर पोस्ट निम्म्यावर आल्या होत्या आणि उरल्या त्याही त्याच दहा-बारा जणांच्या. आता नियम सैल करावेत का?

नियम सैल करू नका. मंजुरीची रांग काढा, शब्दांची यादी दुरुस्त करा आणि पोस्ट उडवली की कारण लिहा. लोकांना नियमांचा त्रास फारसा होत नाही. आपले लिहिलेले कुठे गेले आणि का गेले हे न कळण्याचा त्रास होतो. भांडखोर माणूस या न कळण्याला जुमानत नाही, तो दुसऱ्या नावाने परत येतो. आपल्या सोसायटीबाहेरचे गटार तुंबल्याचा फोटो टाकायला आलेली साधी बाई मात्र एकदा अनुभव घेते आणि पुन्हा फिरकत नाही.

नियम दिसले की लोक बुजतात, ही समजूत तपासून पाहिली गेली आहे. रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावर विज्ञानाचा मोठा समूह आहे, प्रयोगाच्या वेळी त्याचे सुमारे 1 कोटी 30 लाख सदस्य होते. तिथे काही चर्चांच्या डोक्यावर नियम आणि ते कोण राबवते हे ठळक लावले, काहींवर लावले नाही, आणि कुठल्या चर्चेवर लावायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले. 2019 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नियम लावलेल्या चर्चांत नव्या माणसांचे नियमपालन 8 टक्केबिंदूंहून जास्त सुधारले, आणि नव्यांचा सहभाग सरासरी 70 टक्क्यांनी वाढला. कारण समजण्यासारखे आहे. अनोळखी घरात चप्पल कुठे काढायची हे सांगितले की पाहुणा आत येतो. कोणी काही सांगितले नाही तर तो दारातच घुटमळतो.

तर मग तुमच्याकडे पोस्ट का आटल्या? त्याआधी एक हिशेब. तुम्ही मंजुरी पावसाळ्यात लावली आणि तुलना पावसाळ्यानंतर केली. घोडबंदर रोडवर जून ते सप्टेंबर हा खड्ड्यांचा, पाणी साचण्याचा, गायमुखच्या कोंडीचा आणि शेवटी गणपतीचा हंगाम असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे विषयच ओसरतात, त्यामुळे पोस्ट एरवीही कमी झाल्या असत्या. जुलैची तुलना मागच्या जुलैशीच करा. निम्मी घट खरी असेल किंवा त्यातला मोठा भाग ऋतूचा असेल. हे आकडे समोर ठेवल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

शिवाय पोस्टची संख्या हा मुळात चुकीचा आकडा आहे. दोन माणसे 60 कॉमेंट एकमेकांवर फेकतात तेव्हा आलेख वर जातो आणि गट आजारी पडतो. रेडिटने 2015 साली द्वेषाला वाहिलेले काही समूह बंद केले, त्याचा अभ्यास 2017 साली झाला. त्या समूहांतली बरीच खाती साइट सोडून गेली आणि जी राहिली त्यांचे द्वेषाचे बोलणे किमान 80 टक्क्यांनी घटले. तिथे संख्या कमी होणे हेच यश होते. म्हणून मोजायचे ते हे: गेल्या 28 दिवसांत पोस्ट किंवा कॉमेंट करणारी वेगवेगळी माणसे किती, त्यांतली गटात पहिल्यांदाच लिहिणारी किती, आणि त्या पहिलटकरांपैकी पुढच्या 28 दिवसांत पुन्हा लिहिणारी किती. चौथा आकडा वरच्या 10 जणांचा वाटा. एकूण लिखाणात तो सतत वाढत असेल तर गट आक्रसतो आहे, मग बाकीचे आलेख काहीही म्हणोत. यासाठी एक साधी शीट पुरते, दर रविवारी अर्धा तास. पहिलटकर परत येतात का, हा आकडा मी सर्वांत वर ठेवतो, कारण मॉडरेशनची, म्हणजे गटावरच्या देखरेखीची, चूक सर्वांत आधी तिथे उमटते.

आता मंजुरीची रांग. सकाळी 8 वाजून 10 मिनिटांनी कोणी लिहिते, "गायमुख घाटात कंटेनर बंद पडलाय, ठाण्याकडे येणारी बाजू पूर्ण थांबली आहे." ही पोस्ट 8 वाजून 15 मिनिटांनी दिसली तर शेकडो लोक थांबतील किंवा वाट बदलतील. अ‍ॅडमिन ऑफिसला पोहोचून साडेअकराला मंजुरी देतो तेव्हा कंटेनर केव्हाच हलवलेला असतो आणि पोस्टखाली कॉमेंट येतात, "कुठे आहे ट्रॅफिक? उगाच अफवा." म्हणजे लिहिणाऱ्याने चांगले काम केले आणि वर खोटेपणाचा ठपका घेतला. तो पुन्हा लिहीत नाही. पाणीपुरवठा करणाऱ्या स्टेमच्या शटडाऊनची सूचना, हरवलेले मूल, रक्ताची गरज, सोसायटीसमोर तुटलेली वीजवाहिनी, सगळ्याची गत हीच. ज्या मजकुराची किंमत वेळेवर असते तोच रांगेत मरतो. आणि गट जिवंत ठेवणारा मजकूर हाच असतो.

दाराशी अडवण्याची ही किंमत मोजलेली आहे. 136 विकी संकेतस्थळांनी, म्हणजे जिथे कोणीही मजकूर बदलू शकतो अशा ठिकाणांनी, खाते उघडल्याशिवाय संपादन बंद केले, त्याचा अभ्यास सांगतो की कचरा घटला खरा, पण चांगले लिखाणही घटले. विकिपीडियाचेही उदाहरण आहे. इंग्रजी विकिपीडियावरचे सक्रिय संपादक 2007 नंतर कमी होत गेले, आणि 2013 सालच्या अभ्यासात दिसले की चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांची संपादने स्वयंचलित साधनांनी झटपट उलटवली जात होती, त्यामुळे ते टिकत नव्हते. खोडसाळपणा रोखायला बांधलेले कुंपण नवख्यांना लागले.

म्हणून सरसकट मंजुरी बंद करा आणि ती तीनच ठिकाणी ठेवा: सदस्याच्या पहिल्या दोन पोस्ट, बाहेरची लिंक असलेली पोस्ट, आणि विक्री-भाड्याच्या जाहिराती. फेसबुकच्या अ‍ॅडमिन असिस्टमध्ये अशा अटी लावायची सोय आहे. मंजुरी लावलेल्या पोस्टलाही वेळेचे बंधन घाला: सकाळी 7 ते रात्री 11 दरम्यान 30 मिनिटांत निर्णय. हे पाळता येत नसेल तर ती अटसुद्धा काढा. रांगेतला वेळ मोजताना सरासरी घेऊ नका, रात्री 2 ला टाकलेली एक पोस्ट सरासरी बिघडवते. सगळे वेळ लहान-मोठे लावा आणि मधला बघा.

शब्दांच्या यादीकडे मी जरा जास्त वेळ देतो, कारण मराठीत ही यादी जितकी नुकसान करते तितकी इंग्रजीत क्वचितच करत असेल. साधी यादी शब्दाचा तुकडा शोधते. तुकडा सापडला की कॉमेंट गायब. अशा यादीत "लंडन" अडकते आणि "गांडूळखत" अडकते. गच्चीवर भाजी लावणारी माणसे गटात प्रश्न विचारतात आणि त्यांचे प्रश्न कोणालाच दिसत नाहीत, त्यांनाही कळत नाही. यावर जाणकार म्हणतात, अख्खा शब्द जुळला तरच अडवा. इथे देवनागरीची खरी खोच आहे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत मजकुरातला नमुना शोधायची जी सोय आहे, त्या साध्या रेगेक्समध्ये शब्दाची हद्द ओळखणारी खूण मात्रांना अक्षर मानत नाही. त्यामुळे "लंडन" सुटते, कारण तुकड्यापुढे "न" हे पूर्ण अक्षर येते. "गांडूळ" मात्र सुटत नाही, कारण तुकड्यापुढे दीर्घ उकाराची मात्रा येते आणि यंत्राला वाटते की शब्द तिथेच संपला. ज्यांनी स्वतःचा बॉट लिहून घेतला आहे त्यांनी हे तपासावेच: हद्द ओळखताना मात्रा, अनुस्वार, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह हे सगळे शब्दाचाच भाग धरायला सांगा, आणि चालू करण्याआधी 200 निरुपद्रवी मराठी वाक्ये त्यातून काढून बघा. फेसबुकची तयार सोय वापरत असाल तर ही दुरुस्ती तुमच्या हातात नाही, म्हणून तिथे यादी आखूड ठेवा आणि शब्द सापडला तर कॉमेंट उडवण्याऐवजी अ‍ॅडमिनला सूचना जाईल असे लावा.

यादी लांबवून फायदाही नसतो. शिवी देणारा ती रोमन लिपीत देतो, मध्ये टिंब टाकतो, अक्षर बदलतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळा गट तेच नवे रूप वापरतो. आणि काही शब्द यादीत घालणेच चुकीचे. "मानपाड्याच्या सिग्नलजवळ भाजीवाल्या भैयाकडे मेथी चांगली मिळते" आणि "हे भैये आले म्हणून शहराची वाट लागली" या दोन वाक्यांत शब्द एकच आहे. पहिले वाक्य अडवले तर हसू होते, दुसरे सोडले तर कित्येक जण त्या दिवसापासून गप्प बसतात. हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो, आणि दोन्ही बाजूंनी घ्यावा लागतो: "मराठी माणसाला कामच नको" यालाही तोच नियम लागू.

याहून मोठी गोष्ट अशी की सर्वांत जास्त तोंडे बंद करणाऱ्या कॉमेंटमध्ये शिवीच नसते. एखादी मुलगी लिहिते, "वाघबीळ नाक्यापासून आतल्या रस्त्यावर आठवडाभर दिवे बंद आहेत, रात्री दहाला यायला भीती वाटते." पहिली कॉमेंट: "एवढ्या रात्री बाहेर काय काम असते?" दुसरी: "रिक्षा करायची मग." तिसरी हसण्याचा इमोजी. कोणत्याही यादीत यातले काही बसत नाही, कोणी रिपोर्टही करत नाही. पण वाचणाऱ्या प्रत्येक बाईने मनात नोंद केलेली असते की इथे लिहायचे नाही. यासाठी नियमच वेगळा लागतो: तक्रार करणाऱ्याच्या वागण्यावर, कपड्यांवर, वेळेवर, उत्पन्नावर प्रश्न विचारायचा नाही, प्रश्न तक्रारीवर विचारा. हा एक नियम नेमाने पाळला तर स्त्रियांच्या पोस्टमध्ये पडणारा फरक दोन-तीन महिन्यांत तुमच्याच शीटमध्ये दिसायला हवा. अशा पोस्टच्या खाली पहिला तास कोणीतरी अ‍ॅडमिनने जागे राहावे. पहिल्या पाच कॉमेंटचा सूर पुढच्या पन्नास कॉमेंटना लागतो, म्हणून पहिली कॉमेंट शक्यतो अ‍ॅडमिनचीच असावी, आणि कामाची: "खांबावरचा नंबर असेल तर टाका, महापालिकेच्या विद्युत विभागाला कळवताना लागतो."

आता कारण देण्याचे. रेडिटच्याच 3 कोटी 20 लाख पोस्टच्या अभ्यासात, 2019 साली, दिसले की पोस्ट काढल्यावर कारण सांगितले तर त्याच माणसाची पुढची पोस्ट काढावी लागण्याची शक्यता घटते. उलट बाजूही तपासली गेली आहे: बातम्यांच्या साइटवरच्या चर्चांच्या 2015 सालच्या अभ्यासात, ज्यांची सुरुवातीची लिखाणे विनाकारण कडकपणे उडवली गेली त्यांचे पुढचे लिखाण अधिक बिघडले. गप्प उडवणे म्हणजे भांडखोर तयार करणे.

कारण कसे लिहायचे याचा नमुना देतो. "तुमची पोस्ट गटाच्या नियमांचे उल्लंघन करत असल्याने हटवली आहे" हे कारण नव्हे, ही नोटीस झाली. त्याऐवजी: "नमस्कार, पार्किंगची तुमची तक्रार योग्य आहे. फोटोत गाडीचा नंबर आणि पोस्टमध्ये शेजाऱ्यांचा फ्लॅट नंबर आला आहे, म्हणून नियम 3 प्रमाणे पोस्ट काढली. दोन्ही झाकून पुन्हा टाका, लगेच घेतो." यात चार गोष्टी आहेत: तक्रार ऐकली, नेमके काय खटकले, कोणता नियम, आणि परतीचा रस्ता. चौथी सर्वांत महत्त्वाची. पोस्ट नाकारताना अभिप्राय लिहायची जागा फेसबुक देते, तीच वापरा. वेगळा निरोप पाठवला तर तो अनोळखी माणसाच्या निरोपांत पडून राहतो. पाच-सहा तयार मजकूर फोनच्या नोट्समध्ये ठेवा, नाव आणि तपशील बदलून डकवा. एका कारणाला दोन मिनिटे लागतात.

या दोन मिनिटांमुळे मनुष्यबळाचा प्रश्न येतो. मॉडरेटर किती हवेत हे सदस्यसंख्येवर ठरत नाही, रोजच्या पोस्टवर ठरते. समजा दिवसाला 120 पोस्ट येतात. त्यातल्या 100 नुसत्या नजरेखालून घालायच्या, प्रत्येकी 20 सेकंद, म्हणजे 33 मिनिटे. उरलेल्या 20 नीट वाचून, कॉमेंट बघून, कारण लिहून, प्रत्येकी 4 मिनिटे, म्हणजे 80 मिनिटे. दिवसाला दोन तासांच्या आत काम बसते. ते एकाने केले तर महिन्याभरात माणूस चिडका होतो आणि चिडकेपणा निर्णयांत उतरतो. सहा जणांत वाटा: सकाळी 7 ते 10 हा वाहतुकीचा वेळ, मग दुपार, संध्याकाळ, आणि रात्री 9 ते 11 हा भांडणांचा. प्रत्येकाला आठवड्यातून दोन दिवस पूर्ण सुटी. सहापैकी निदान दोन स्त्रिया हव्यात, आणि एक जण तरी मराठी मातृभाषा नसलेला पण मराठी नीट वाचणारा. नाहीतर भाषेच्या वादात तुमच्या प्रत्येक निर्णयाकडे बोट दाखवले जाईल, आणि कधी कधी ते बोट बरोबरही असेल.

सहा जणांचे सहा न्याय होऊ नयेत यासाठी महिन्यातून एकदा काढलेल्या 30 पोस्ट घ्या, कोणी काढल्या हे झाका, आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे ठेवू की काढू हे लिहावे. 30 पैकी 24-25 वर एकमत असेल तर ठीक. 20 च्या खाली असेल तर माणसे चुकत नाहीत, नियमाची भाषा ढिली आहे. ज्या नियमावर मतभेद झाला तो उदाहरण देऊन पुन्हा लिहा. नियम सात-आठच असावेत. प्रत्येकाखाली एक चालणारे आणि एक न चालणारे वाक्य. "सभ्य भाषा वापरावी" हा नियम नव्हे, कारण प्रत्येकाला आपली भाषा सभ्यच वाटते.

एक पथ्य तर कडक पाळा: ज्या भांडणात अ‍ॅडमिनने स्वतः मत मांडले आहे तिथे त्याने पोस्ट किंवा कॉमेंट काढायची नाही, दुसऱ्याला बोलवायचे. महापालिका निवडणुकीच्या दिवसांत ज्याला पक्षाचे काम करायचे आहे त्याने तेवढ्यापुरते अ‍ॅडमिनपद सोडावे आणि तसे गटात जाहीर करावे. रहिवाशांचा गट एकदा अमक्या नगरसेवकाचा झाला अशी चर्चा सुरू झाली की दुसऱ्या बाजूची माणसे भांडत नाहीत, निमूट निघून जातात.

शिक्षेची उतरंड ठेवा. पहिल्यांदा कारणासह पोस्ट काढणे, दुसऱ्यांदा 3 दिवस लिहिण्यावर बंदी, तिसऱ्यांदा 14 दिवस, मग बाहेर. 90 दिवस काही घडले नाही तर पाटी कोरी. थेट बाहेर काढणे फक्त धमकी, कोणाची खासगी छायाचित्रे, लहान मुलांविषयीचा घाण मजकूर आणि उघड फसवणूक यासाठी. तात्पुरती बंदी जास्त उपयोगी पडते, कारण बाहेर काढलेला बनावट खात्याने येतो आणि बंदी घातलेला वाट बघतो. पोस्ट चांगली पण कॉमेंट घसरल्या असतील तर पोस्ट उडवू नका, कॉमेंट बंद करा आणि शेवटची कॉमेंट स्वतः लिहून का बंद केल्या ते सांगा. पोस्ट उडवली तर त्यात ज्यांनी माहिती दिली होती, पाण्याच्या टँकरचा दर, वॉर्ड ऑफिसची वेळ, त्यांचेही कष्ट जातात, आणि ते भांडलेले नसतात.

अफवांसाठी व्हॉट्सअ‍ॅपचा धडा घ्या. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेतून पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी फॉरवर्डची मर्यादा 5 चॅटवर आणली. एप्रिल 2020 मध्ये खूप फिरलेला निरोप एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असे केले, आणि असे निरोप 70 टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. बंधन फॉरवर्डवर होते, स्वतः लिहिण्यावर नव्हते. तुमच्या गटातही हेच करा: स्वतः पाहिलेले लगेच चालेल, फॉरवर्ड आलेले मात्र ठिकाण, तारीख आणि मूळ स्रोत असेल तरच. "कळवा पुलावर अपघात" यात तारीख नसेल तर ती दोन वर्षांपूर्वीची बातमी असू शकते.

पुष्कळ अ‍ॅडमिन पोलिसांच्या भीतीने गरजेपेक्षा जास्त उडवतात. ही भीती ठाणे जिल्ह्याला नवी नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरमध्ये, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होते, मुंबई बंदवर फेसबुक पोस्ट लिहिणारी एक आणि ती लाइक करणारी एक अशा दोन तरुणींना अटक झाली. ज्या कलमाचा त्यात वापर झाला ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातले 66 अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले, आणि न्यायालयाने तेव्हा नेमके हेच म्हटले होते की अशा ढोबळ शब्दांच्या धाकाने निर्दोष बोलणेही थांबते. गटाच्या बाबतीत 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने व्हॉट्सअ‍ॅपच्या एका अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द करताना सांगितले की समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत नसेल तर सदस्याच्या मजकुराबद्दल अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. याचा अर्थ बेफिकीर राहा असा नाही. दोन जमातींत वैर पेटवणारा मजकूर कळूनही ठेवला, तर प्रश्न तुमच्याच हेतूचा होतो. पण बिल्डरने पाणी दिले नाही, दवाखान्याने बिल जास्त लावले अशा पोस्ट घाबरून उडवायची गरज नाही. लिहिणाऱ्याकडून एवढे मागा: स्वतःचा अनुभव, तारीख, बिलाचा किंवा करारपत्राचा फोटो, आणि "चोर", "लुटारू" ही विशेषणे बाहेर. समोरच्या बाजूने उत्तर दिले तर ते वर चिकटवा. याच पोस्टसाठी लोक गटात येतात.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. काही पोस्ट तुम्ही काढत नाही, फेसबुक काढते, आणि सदस्य राग तुमच्यावर काढतो. गटाच्या माहितीत स्पष्ट लिहा की अशा वेळी अपील फेसबुककडे करायचे. 2021 च्या केंद्रीय नियमांमुळे कंपनीला तक्रार अधिकारी ठेवावाच लागतो, आणि त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. तुमच्या निर्णयावरही अपिलाची सोय हवी: काढणाऱ्याखेरीज दुसऱ्या अ‍ॅडमिनने 48 तासांत बघायचे. महिन्याला किती अपिले आली आणि किती निर्णय उलटले हे गटात जाहीर करा. एकही उलटत नसेल तर अपील नावापुरते आहे असे लोक धरतात, आणि बहुधा ते खरे असते.

बदल एका दिवसात करू नका, नाहीतर कशाचा काय परिणाम झाला ते कळणार नाही. पहिले दोन आठवडे काहीही न बदलता नुसते मोजा. तिसऱ्या आठवड्यात नवे नियम उदाहरणांसह वर चिकटवा आणि कारणे लिहायला लागा. पाचव्या आठवड्यात मंजुरी उठवा. सातव्यात शब्दांची यादी छाटा. मंजुरी उठवल्यावर पहिले आठ-दहा दिवस भांडणे वाढतील, थांबलेला बांध फुटल्यासारखी. रात्रीच्या पाळीला तेवढे दिवस दोघे ठेवा आणि मंजुरी परत लावायचा मोह टाळा.

आणि जे गप्प झाले त्यांना बोलवा. अ‍ॅडमिनच्या नोंदींमध्ये नाकारलेल्या पोस्ट दिसतात. त्यात ज्यांची पहिलीच पोस्ट होती आणि जी केवळ उशिरामुळे किंवा चुकून नाकारली गेली, अशांची यादी काढा. प्रत्येकाला हाताने निरोप लिहा, दिवसाला 10-15 च, आणि ते अ‍ॅडमिनांत वाटून, कारण एकाच खात्यावरून ढीगभर अनोळखी निरोप गेले तर फेसबुक ते खाते स्पॅम समजून अडवते. मजकूर साधा: "तुमची कासारवडवलीच्या गटाराची पोस्ट आम्ही घ्यायला हवी होती, राहून गेली. प्रश्न अजून तसाच असेल तर पुन्हा टाका, आता सकाळी 7 ते रात्री 11 दरम्यान अर्ध्या तासात निर्णय होतो." निरोप लगेच दिसेलच असे नाही, म्हणून महिन्याभराने परत आलेल्यांची नावे शीटमधल्या पहिलटकरांच्या रकान्याशी ताडून बघा.